आकाराचा हिशेब

एकाच प्राण्यात आकाराचे केवढे टोकाचे अंतर असू शकते, हे कुत्र्याइतके दुसरा कोणताही पाळीव प्राणी दाखवत नाही. मेक्सिकोचा चिवावा पुरता वाढला तरी तीन किलोच्या आत राहतो आणि दोन तळहातांवर मावतो. इंग्लिश मॅस्टिफ नव्वद किलोच्या घरात जातो. धिप्पाड माणसालाही तो उचलवत नाही. तरी दोघांच्याही तोंडात ४२ दात असतात, दोघांच्याही माद्या साधारण ६३ दिवस गाभण राहतात आणि दोघेही मालकाच्या पावलांचा आवाज जिन्यातच ओळखतात. घरात कुत्रा आणायचे ठरले की पहिला प्रश्न याच अंतरातून उभा राहतो: लहान आणावा की मोठा? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर पुढची दहा-पंधरा वर्षे अवलंबून असतात. ती घराची असतात, तशीच त्या मुक्या जिवाचीही.

आकारातला हा फरक काही अंशी निसर्गाने दिलेला आहे. २००७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की, वाढीशी संबंधित असलेल्या आयजीएफ-१ या जनुकाचे एक विशिष्ट रूप लहान जातींच्या कुत्र्यांमध्ये जवळजवळ सर्वत्र आढळते. हे रूप माणसाने कुत्रा पाळल्यानंतर घडले असावे, असा तर्क बराच काळ होता. २०२२ मध्ये त्याच जनुकाशी निगडित, शरीर लहान ठेवणारा बदल सायबेरियात सापडलेल्या सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांत मिळाला. म्हणजे लहान आकाराचे बीज लांडग्यात आधीच होते. माणसाने ते निवडले, जपले आणि हव्या त्या दिशेने वाढवले.

ही निवड कामासाठी झाली. डाक्सहुंड या जर्मन नावाचा अर्थच ‘बिज्जूचा कुत्रा’ असा होतो. बिळात शिरता यावे म्हणून त्याचे पाय आखूड आणि धड लांब ठेवले गेले. आज मांडीवर मिरवणारा यॉर्कशायर टेरियर उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये उंदीर मारत असे. पग आणि शित्झू यांना चीनच्या राजदरबाराची सवय. सोबत करणे हेच त्यांचे काम होते. मोठ्या जातींची कामे अंगमेहनतीची. ग्रेट डेन हा नावाने डेन्मार्कचा, पण मुळात जर्मनीत रानडुकराच्या शिकारीसाठी तयार झालेला. रॉटवायलर हा रॉटवाइल गावच्या खाटकांची गुरे हाकी आणि त्यांच्या गाड्या ओढी. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात उतरून कोळ्यांची जाळी ओढून आणत. स्वित्झर्लंडच्या सेंट बर्नार्ड घाटातल्या मठात बर्फात अडकलेल्या वाटसरूंना शोधण्यासाठी त्याच नावाची प्रचंड कुत्री ठेवली जात. त्यांतला बॅरी इतका प्रसिद्ध झाला की त्याचे शरीर आजही बर्नच्या संग्रहालयात जतन केलेले आहे.

मराठी मुलुखातही कुत्र्याचा आकार कामानेच ठरला. मराठवाडा, सोलापूर आणि कर्नाटकाचा सीमाभाग इथला कारवानी कुत्रा उंच, सडपातळ, खोल छातीचा आणि लांब पायांचा असतो. सशामागे माळरानावर धावायचे, तर अंगावर मांस कमी आणि फुप्फुसाला जागा जास्त हवी. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी याच घडणीचा कुत्रा जोपासला आणि तो मुधोळ हाउंड म्हणून देशभर ओळखला जाऊ लागला. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, तेव्हा त्यांत मुधोळलाही स्थान मिळाले. धनगराच्या वाड्यावर मेंढरे राखणारा कुत्रा वेगळा. त्याला वेगापेक्षा जाड मान आणि रात्रभर जागायची तयारी लागते. खंडोबाच्या पायाशी आणि दत्ताच्या भोवती कुत्रा आहे तो याच सहवासातून आलेला आहे. या परंपरेत कुत्र्याला काम होते, मोकळी जागा होती आणि त्याचे शरीर त्या दोहोंना साजेसे होते.

शहरातल्या घरात आलेल्या कुत्र्याचे ते काम उरलेले नाही. शरीर मात्र उरले आहे आणि त्या शरीरात कामाची ओढही उरली आहे. बीगल सशाचा माग काढण्यासाठी घडला. म्हणून तो सोफ्याखाली, चपलांच्या कपाटात, शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यात माग काढत राहतो. मेंढरे वळवणारा कुत्रा सोसायटीच्या अंगणात खेळणाऱ्या मुलांना घेरून एका जागी आणू पाहतो. म्हणून आकाराचा विचार करताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते ती ही, की किलोंचा आकडा हे कुत्र्याचे अर्धेच वर्णन असते. ते किलो कशासाठी घडले, हे उरलेले अर्धे.

जागेबद्दलचा सार्वत्रिक समज असा, की लहान घराला लहान कुत्रा आणि बंगल्याला मोठा. हा समज अर्धवट आहे. पूर्ण वाढलेला ग्रेट डेन दिवसातला बराच वेळ एका कोपऱ्यात पसरून झोपतो. त्याला पाय ताणायला जागा आणि सकाळ-संध्याकाळ शांत फेरफटका मिळाला की तो समाधानी असतो. उलट सहा-सात किलोचा जॅक रसेल टेरियर दिवसभर उड्या मारतो आणि दोन खोल्यांच्या घरात कंटाळून उशा फाडतो. कारवानी किंवा मुधोळ यांचे वजन साधारण वीस ते अठ्ठावीस किलो, म्हणजे फार नव्हे; पण त्यांना मोकळे धावायला मैदान लागते. पट्ट्याला बांधून डांबरी रस्त्यावर दहा मिनिटे फिरवण्याने त्यांचे भागत नाही. चौरस फूट मोजण्यापेक्षा दिवसाचे तास मोजणे अधिक खरे ठरते. सकाळी साडेसहाला लोकल पकडणाऱ्या आणि रात्री नऊला परतणाऱ्या माणसाचे घर कितीही ऐसपैस असले, तरी कुत्र्याच्या दृष्टीने ते रिकामेच असते.

तरीही जागेचा काही भाग आकाराशी बांधलेला आहेच. पस्तीस किलोच्या कुत्र्याचे शेपूट चहाच्या टेबलाच्या उंचीला येते. स्वयंपाकाच्या ओट्यावरचे पातेले त्याच्या तोंडाच्या टप्प्यात येते. त्याची वळकटी गादीएवढी लागते, त्याला आंघोळ घालायला न्हाणीघर अपुरे पडते आणि पावसाळ्यात तो अंग झटकतो तेव्हा भिंतीवर पाऊस पडतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो आणि त्याला घाबरणारे शेजारी एकत्र मावत नाहीत. लहान कुत्र्याच्या बाबतीत धोका उलट दिशेने येतो. तो पायात येतो, दारात चेंगरतो, पलंगावरून उडी मारताना पुढचा पाय मोडून घेतो. अगदी चिमुकल्या जातींच्या पुढच्या पायांची हाडे इतकी नाजूक असतात की मुलाच्या हातून निसटण्याइतके निमित्तही त्यांना पुरते.

खाण्याचा हिशेब वजनाच्या सरळ प्रमाणात जात नाही. प्राण्याचे वजन दुप्पट झाले म्हणून त्याची ऊर्जेची गरज दुप्पट होत नाही. ती त्याहून कमी वाढते. पशुवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार पाच किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ३७५ कॅलरी लागतात आणि तीस किलोच्या कुत्र्याला सुमारे १,४३५. वजन सहापट, खाणे पावणेचारपट. साठ किलोच्या ग्रेट डेनला सुमारे २,४०० कॅलरी लागतात; बैठे काम करणाऱ्या माणसालाही एवढ्या लागत नाहीत. या हिशेबाची दुसरी बाजू अशी, की लहान कुत्रा किलोमागे मोठ्यापेक्षा जास्त खातो आणि उपाशीपणा त्याला लवकर भोवतो. चिमुकल्या जातींची पिल्ले काही तास उपाशी राहिली तरी त्यांच्या रक्तातली साखर उतरून ती गळून पडू शकतात. अशा पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे भरवणारे कोणी तरी घरात असावे लागते.

मोठ्या जातीच्या पिल्लाला भरवतानाची चूक वेगळी असते. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मते तेव्हा अर्ध्या किलोच्या आसपास असते आणि वर्षभरात पन्नास किलोच्या दिशेने जाते. एवढ्या वेगाने वाढणारी हाडे पाहून घरची मंडळी प्रेमापोटी दूध, अंडी आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा मारा करतात. या जातींना जादा कॅल्शियम अपायकारक ठरते. त्याने हाडे आणि सांधे वाकडे वाढू शकतात. लहान जाती आठ-दहा महिन्यांत पूर्ण वाढतात, मोठ्या जातींना दीड ते दोन वर्षे लागतात. तोवर पिल्लू दिसायला प्रौढ, पण हाडांनी कोवळेच असते. त्याला जिन्यावरून दौडवणे किंवा गुबगुबीत करणे म्हणजे पुढच्या लंगडेपणाची पेरणी करणे होय.

विषबाधेच्या बाबतीत लहान आकार घातक ठरतो. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुके हे सगळे मराठी घरात हाताशी असतात आणि सगळेच कुत्र्याला वर्ज्य आहेत. शरीराच्या दर किलोमागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला, तर कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशींवर परिणाम दिसू लागतो. म्हणजे पाच किलोच्या पॉमेरेनियनला भाजीतला एक मध्यम कांदाही पुरेसा आहे, तर पस्तीस किलोच्या लॅब्राडॉरला त्याच मापाने अर्धा किलोच्या पुढे लागेल. द्राक्षे आणि मनुके यांचे तर सुरक्षित प्रमाण कोणत्याच आकारासाठी ठरलेले नाही. ती दोघांनाही देऊ नयेत. ताटातला घास खाली टाकण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घरात लहान कुत्र्याची अधिक काळजी घ्यावी लागते.

हवामान हा महाराष्ट्रात सर्वांत दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने अंग थंड करतो. शरीर जितके मोठे, तितकी आतली उष्णता बाहेर पडायला वेळ जास्त. त्यावर दाट दुहेरी केस असतील, तर त्रास आणखी वाढतो. बर्फासाठी घडलेला सेंट बर्नार्ड किंवा हस्की नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ठेवणे ही त्या प्राण्याला रोजची शिक्षा आहे. मुंबई-कोकणात तापमान कमी असते, पण हवा दमट असल्यामुळे बाष्पीभवन मंदावते आणि धापांचा उपयोग कमी होतो. एअर कंडिशनर लावून हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण कुत्र्याला दिवसातून दोन-तीन वेळा बाहेर जावेच लागते आणि मे महिन्यातला रस्ता पंजे भाजतो.

उष्णतेच्या बाबतीत लहान आकार हा दिलासा ठरतो, पण नाक चपटे नसेल तरच. २००३ मधल्या मोबाइल सेवेच्या एका गाजलेल्या जाहिरातीत छोट्या मुलामागे धावणारा पग देशभरच्या घरांना आवडला आणि त्यानंतर पगची मागणी एकदम वाढली. त्याच्या आखूड नाकात श्वासाला वाट अरुंद असते. साधे चालतानाही तो घोरतो. ते घोरणे पुष्कळांना गोड वाटते, पण ती श्वासासाठीची धडपड असते. ब्रिटनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पाच लाख ८५ हजार कुत्र्यांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात लहान आणि लांब नाकाच्या जातींच्या माद्यांचे मध्यक आयुष्य १३.३ वर्षे निघाले, तर मध्यम आकाराच्या आणि चपट्या नाकाच्या नरांचे ९.१ वर्षे. आकाराइतकीच चेहऱ्याची ठेवणही आयुष्य ठरवते.

आजारांची वाटणीही आकारानुसार होते. लहान जबड्यात ४२ दात दाटीने बसतात, म्हणून लहान जातींत हिरड्या सडणे फार आढळते. त्यांच्या गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनलिका चेपते, म्हातारपणी हृदयाची झडप गळू लागते. डाक्सहुंडच्या लांब पाठीतली चकती सरकली, तर मागचे पाय लुळे पडतात. मोठ्या जातींचे दुखणे खुब्याच्या सांध्यात असते. हिप डिस्प्लेशिया हा शब्द जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडॉर पाळणाऱ्यांना लवकरच पाठ होतो. डॉबरमन आणि ग्रेट डेन यांत हृदयाचा स्नायू ताणून दुबळा होण्याचा आजार दिसतो. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट वायूने फुगून पिळा पडण्याचा प्रसंग येतो. पोट फुगले आहे, उलटीचे उमाळे येत आहेत, पण बाहेर काहीच पडत नाही, ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहायची नसते. काही तासांत कुत्रा दगावतो. खर्चाचेही तसेच. भूल, प्रतिजैविके, गोचीड-पिसवांची औषधे हे सारे बहुधा वजनावर ठरते, त्यामुळे त्याच आजाराचे बिल मोठ्या कुत्र्याच्या घरी मोठे येते. रेबीजची लस मात्र दोघांनाही सारखीच आणि तितकीच अनिवार्य.

या सगळ्या हिशेबात सर्वांत जड आकडा आयुष्याचा आहे. सस्तन प्राण्यांत साधारणपणे मोठा प्राणी जास्त जगतो. हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो. कुत्र्यांच्या बाबतीत हा नियम उलटा होतो. लहान जातींची कुत्री १२ ते १६ वर्षे सोबत करतात, ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींची सात ते दहा. २०१३ मध्ये ७४ जातींच्या ५६ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून संशोधकांनी असे मांडले, की वजनातल्या दर दोन किलोंमागे आयुष्य सुमारे एका महिन्याने घटते आणि याचे मुख्य कारण म्हणजे मोठी कुत्री झपाट्याने म्हातारी होतात. त्यांचे वार्धक्य लवकर सुरू होते असे नाही. ते वेगाने धावत येते. ज्या मुलीने पाचवीत असताना ग्रेट डेनचे पिल्लू आणले, तिला बहुधा कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापर्यंत त्याला निरोप द्यावा लागतो. तीच मुलगी स्पिट्झ आणती, तर तो कदाचित तिच्या नोकरीचा पहिला पगारही पाहता. मोठा कुत्रा निवडणे म्हणजे थोड्या वर्षांचे मोठे प्रेम स्वीकारणे आहे, हे आधीच समजून घ्यायला हवे.

स्वभावाबद्दलही आकारावरून काढलेले निष्कर्ष बरेचदा चुकतात. २०२२ मध्ये १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवरून झालेल्या अमेरिकी संशोधनात असे आढळले, की एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातल्या वेगळेपणापैकी केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास भाग जातीवरून सांगता येतो. उरलेले त्याच्या वाट्याला आलेल्या माणसांवर, बालपणावर आणि त्याच्या स्वतःच्या पिंडावर अवलंबून असते. लहान कुत्री जास्त भुंकतात, चिडतात, अंगावर येतात, हा अनुभव मात्र पुष्कळांना आहे. ऑस्ट्रियात २०१० साली झालेल्या एका अभ्यासाने त्याचे एक कारण माणसांत दाखवले: लहान कुत्र्याचे मालक त्याला शिकवण्यात कमी वेळ घालवतात आणि त्याच्याशी वागण्यात सातत्य ठेवत नाहीत. चार किलोचा कुत्रा पाहुण्यावर गुरगुरला तर घर हसते. चाळीस किलोचा गुरगुरला तर घर त्याच दिवशी शिस्त लावायला घेते. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण लहान कुत्र्याच्या बाबतीत खरी व्हायची असेल, तर त्यालाही मोठ्याइतकीच शिस्त आणि मोठ्याइतकाच मान मिळायला हवा.

मोठ्या कुत्र्याची चूक मात्र महाग पडते. त्याचा दंश खोल जातो आणि त्याचे प्रेमही धडक देऊन जाते. आनंदाने अंगावर उडी मारणारा लॅब्राडॉर आजीला पाडू शकतो. अमेरिकेत पट्ट्याने कुत्रा फिरवताना पडून हाड मोडलेल्या ६५ वर्षांवरील लोकांची संख्या २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून अधिक झाल्याची नोंद आहे. ज्या घरात सत्तरीतले आई-वडील एकटे राहतात आणि मुले पुण्याहून किंवा परदेशातून ‘सोबतीला हवा म्हणून’ जर्मन शेफर्ड पाठवतात, त्या घरात पट्टा कोणाच्या हातात असणार आहे, याचा विचार पाठवणाऱ्याने करायला हवा. तिथे शांत स्वभावाचा, वयाने प्रौढ आणि उचलता येण्याजोगा कुत्रा जास्त सुखाचा. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असेल, तर फार चिमुकला कुत्रा मुलाकडून दुखावतो आणि फार आडदांड कुत्रा मुलाला दुखावतो. मधला आकार दोघांनाही सोसतो.

राखणीसाठी मोठाच कुत्रा हवा, हाही जुना समज. चोराला सावध करायला भुंकणे पुरते आणि ते काम स्पिट्झ उत्तम करतो. शेतावरच्या वस्तीत प्रश्न चोरापेक्षा बिबट्याचा असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तिथे कुत्र्याचा आकार त्याला वाचवत नाही. रात्री त्याला बंद जागेत घेणेच वाचवते.

कायद्याच्या दृष्टीने लहान-मोठा हा भेद सोसायट्यांना करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार गृहनिर्माण संस्था बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाहीत आणि ‘लहान चालेल, मोठा नको’ असा नियमही करू शकत नाहीत. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींना धोकादायक ठरवून त्यांच्यावर बंदी घालण्याचे पत्र राज्यांना पाठवले. ते पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले. कायदा बाजूने असला, तरी शेजाऱ्यांची भीती खरी असते. पट्टा लावणे, लिफ्टमध्ये आधी विचारून शिरणे, रस्त्यावरची घाण स्वतः उचलणे ही मोठ्या कुत्र्याच्या मालकाची अधिकची जबाबदारी आहे. महापालिकेचा परवाना दोघांनाही हवा. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, हेही घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू कोणत्याही आकाराचे असो, भित्रे किंवा चावरे निघण्याची शक्यता वाढते.

निवडीच्या वेळी ज्याचा विचार जवळजवळ कोणी करत नाही, तो काळ म्हणजे कुत्र्याचे म्हातारपण. पिल्लू आणताना सगळे तोंडाकडे पाहतात. पुढे सगळा प्रश्न पायांचा होतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय दुबळे होतात. गुळगुळीत टाइल्सवर ते घसरतात, मग घरभर सतरंज्या आणि काथ्याची पायपुसणी पसरावी लागतात. जिना चढवत नाही. शी-शूसाठी त्याला दिवसातून चार वेळा खाली न्यावे लागते. पुण्याच्या पेठांत, गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत अनेक ठिकाणी लिफ्ट नाही. सहा किलोचा कुत्रा पदराखाली किंवा खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून उतरता येते आणि आजी-आजोबाही ते करू शकतात. पस्तीस किलोच्या कुत्र्याला चादरीची झोळी करून दोघांनी उचलावे लागते; एकाने पुढचे टोक धरायचे, दुसऱ्याने मागचे, आणि प्रत्येक वळणावर थांबायचे. रात्री दोन वाजता त्याला डॉक्टरकडे न्यायचे असेल, तर रिक्षावाला थांबेलच असे नाही. आयुष्यभर ज्याने दारात वाट पाहिली, त्याला शेवटच्या महिन्यांत उचलायला घरात दोन धडधाकट माणसे नसली, तर त्याचे हाल होतात आणि घराचेही. मोठी कुत्री म्हातारपणी रस्त्यावर किंवा आश्रयगृहाच्या दारात सोडली जातात, त्यामागे क्रूरपणा असतोच असे नाही. पुष्कळदा आधी न केलेला विचार असतो. पण सोडलेल्या कुत्र्यासाठी दोन्हींत काही फरक नसतो.

लहान आणि मोठा यांच्या मध्ये एक पर्याय शतकानुशतके याच मातीत उभा आहे. गावठी कुत्रा साधारण पंधरा ते वीस-पंचवीस किलोंचा असतो. केस आखूड, नाक लांब, कान उभे किंवा अर्धे मुडपलेले. कोणीही त्याचे शरीर शोभेसाठी वाकवलेले नाही, म्हणून श्वास मोकळा, पाठ सरळ आणि सांधे मजबूत. उन्हाळा त्याला नवा नाही. वेळेवर लसी आणि दोन वेळचे खाणे मिळाले, तर तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. तो शिकतो, राखण करतो, मुलांत मिसळतो आणि गरज पडली तर एक सशक्त माणूस त्याला उचलूही शकतो. शहरातल्या संस्थांकडे अशी पिल्ले आणि प्रौढ कुत्री घराची वाट पाहत असतात. प्रौढ कुत्रा घेण्याचा आणखी एक फायदा म्हणजे त्याचा आकार आणि स्वभाव दोन्ही डोळ्यांसमोर असतात. पिल्लाच्या बाबतीत ते फक्त अंदाज असतात.

एकंदर हिशेब असा निघतो. मोकळे मैदान, रोजचा दीड-दोन तासांचा वेळ, वाढता खर्च पेलण्याची तयारी आणि घरात किमान दोन धडधाकट माणसे असतील, तर मोठा कुत्रा आणावा. त्याची वर्षे कमी आहेत हे मान्य करूनच आणावा. घर लहान, माणसे वयस्क, प्रवास वारंवार असेल, तर लांब नाकाचा लहान कुत्रा बरा. पण त्याला खेळणे न समजता कुत्राच समजावे, त्याला चालवावे, शिकवावे आणि त्याचे दात घासावेत. यांपैकी काहीच स्पष्ट नसेल, तर मधल्या आकाराचा गावठी कुत्रा सर्वांत कमी चुकतो. आणि घरी दिवसभर कोणीच नसेल, तर कोणत्याही आकाराचा कुत्रा आणू नये.

पिल्लू घरी आणण्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि एकाच प्रश्नाचे उत्तर ठरवावे: बारा वर्षांनंतर, पावसाळ्याच्या रात्री, याला उचलून जिना कोण उतरणार? त्या प्रश्नाला ज्या आकाराच्या कुत्र्यासाठी खरे नाव पुढे येईल, तोच आकार त्या घरासाठी योग्य आहे.